तिच्या वाट्याची झोप

मी मास्क बोलतोय. जत्रेतला नव्हे, चोराचाही नव्हे. झोपताना नाकावर बांधायचा, रबरासारखा मऊ मास्क. माझ्यामागे एक लांब नळी आहे, नळीच्या टोकाला हवा फुंकणारी छोटी पेटी आहे, आणि आम्ही तिघं मिळून एकच जीव आहोत. ज्यांचा श्वास झोपेत घशाशी अडतो, त्यांच्यासाठी आमचा जन्म. आम्ही हवेचा हलका दाब देत राहतो, घसा उघडा राहतो, आणि माणूस सकाळी ताजातवाना उठतो. एवढंसं काम. ते करायला मला फार उशीर झाला.

माझा मालक पेनिआमिना. सामोआ बेटांवरून आलेला माणूस, आता परदेशात मांगेरे नावाच्या उपनगरात राहतो, विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. अंगानं दांडगा, मान जाडजूड, आणि चर्चच्या गाणाऱ्यांत सगळ्यात खालचा सूर त्याचाच. घोरण्याचंही तेच. त्याची बायको फुआतिनो शेजारणींना सांगायची, "याच्यापेक्षा चर्चचा ऑर्गन परवडला बाई. तो निदान पाद्रीबाबांनी हात वर केला की थांबतो!"

बायका हसायच्या. पण तिनं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. घोरणं चालू असलं की ती निर्धास्त असे. ते थांबलं की तिचा जीव टांगणीला लागे, कारण घोरणं थांबलं म्हणजे श्वास थांबला. मग ती त्याच्या छातीवर हात ठेवून वाट बघायची. नाहीच आला श्वास, तर गदागदा हलवायची. तो खर्रकन हवा ओढायचा, कूस बदलायचा आणि पुन्हा घोरू लागायचा. ती मात्र जागी. तिचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य असंच अर्धवट झोपेत गेलं. रविवारी प्रवचनाला दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगायची आणि मागच्या बाकावरची पोरं खुसखुसायची.

शेवटी मुलगी लांगी बापाला ओढतच तपासणीला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास फार वेळा थांबतोय, हृदयावर ताण येतोय, मास्क लावावा लागेल. तिथली तंत्रज्ञ मिरियामा, हसऱ्या चेहऱ्याची बाई, तिनं मला त्याच्या नाकावर बसवलं. त्या क्षणी मला त्याचा चेहरा गार पडलेला जाणवला. कपाळावर घाम फुटला होता.

"काढ! काढ हे!" त्यानं मला ओरबाडूनच काढलं.

"काका, सुरुवातीला पुष्कळांना गुदमरल्यासारखं होतं," मिरियामा म्हणाली. "घाई नका करू. आधी नुसता हातात धरून टीव्ही बघा. मग पेटी बंद ठेवून नाकाला लावा. हळूहळू जमेल."

त्यानं मान डोलावली. घरी आल्यावर मात्र मला टेबलावर आपटून म्हणाला, "माझ्या बापाच्या तोंडावर असंच लावलं होतं. तिकडे सामोआत, आपियाच्या दवाखान्यात. काढलं ते तो गेल्यावरच."

"तो ऑक्सिजनचा होता, म्हाताऱ्या. हा वेगळा."

"तोंडावरच चढवायचं ना? मग वेगळं काय?"

फुआतिनोनं मला टेबलावरून उचललं. मग हसून म्हणाली, "बरं बाबा, राहू दे. मी आहे ना जागी. इतकी वर्षं जागले, अजून थोडी."

मी बोलू शकलो असतो तर तेव्हाच ओरडलो असतो. तिच्या त्या हसण्यात किती थकवा होता! पण पेनिआमिनाला ते हसणं सोयीचं होतं. तिनं मला पुसून कपाटात ठेवलं, लग्नाकार्यात आणि मयताला द्यायच्या बारीक विणीच्या चटयांच्या घड्यांमध्ये. लांगीनं विचारलं की तो म्हणायचा, "लावतो गं, लावतो." फुआतिनो मान वळवून भांडी घासायची.

तिथे मी तीन वर्षं पडून होतो. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू यायचं, ते तुटायचं, मग तिचा आवाज, "पेनि, श्वास घे." हवा माझ्याकडे होती, आणि मी घडीत.

मग घरात दुसरंच काहीतरी सुरू झालं. गॅसवर ठेवलेला कोको करपू लागला. पाठ असलेल्या स्तोत्राच्या मधल्या ओळी फुआतिनोला आठवेनात. एकदा तिनं सख्ख्या बहिणीला विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला.

"रात्रीची जागरणं... त्यानं झालं का हे?" पेनिआमिनानं विचारलं.

"कशानं झालं ते सांगता येत नाही. स्वतःला दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य तो घरी येऊन स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पटलं असतं तर एकदाच म्हटलं असतं.

त्यानं नोकरी सोडली आणि तिच्याजवळ बसू लागला. पण एका दुपारी तो खुर्चीत पेंगला आणि फुआतिनो फाटकाबाहेर निघून गेली. बसथांब्यावर सापडली, अनवाणी. लांगी चिडून रडायलाच लागली.

"बाबा, आता आईवर तुम्ही लक्ष ठेवायचंय. त्यासाठी जागं राहावं लागतं. आणि जागं राहायचं तर नीट झोपावं लागतं. तो मास्क कुठाय? खरं सांगा."

त्यानं कपाट उघडलं.

मिरियामानं सांगितलं होतं तसंच त्यानं केलं. आधी रग्बीचा सामना बघताना मला हातात धरून बसला. मग पेटी न लावता नाकावर ठेवलं, काढलं, अंगणात जाऊन आला, परत ठेवलं. मग पेटी सुरू केली. श्वास कोंडल्यासारखा झाला की तो ओठ मिटून स्तोत्राचा खालचा सूर गुणगुणायचा. त्या सुरानं माझी नळीसुद्धा हलकेच थरथरे. सूर संपेपर्यंत भीती थोडी ओसरलेली असायची. आणि एका दुपारी फुआतिनोच्या शेजारी पडल्या पडल्या त्याला झोप लागली. खोल, शांत, न तुटणारी. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं काम!

खोलीत आवाज नव्हता. आणि त्या शांततेनंच फुआतिनो दचकून उठली.

नवऱ्याचं नाव, दिवस, वार, सगळं विसरणाऱ्या त्या बाईचा हात विसरला नव्हता. तिनं त्याच्या छातीवर तळवा टेकला, मग त्याला गदागदा हलवू लागली. "श्वास घे! अरे, श्वास घे!"

"घेतोय गं, घेतोय."

"खोटं. मग आवाज कुठाय?" तिनं मला त्याच्या नाकावरून ओढून काढलं.

तो उठून बसला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ज्या निर्धास्त शांततेसाठी ती इतकी वर्षं थांबली होती, ती आता तिच्या घरी आली होती, आणि तिला ती ओळखता येत नव्हती.

लांगी म्हणाली, आईला दुसऱ्या खोलीत झोपवू. करून पाहिलं. ती उठून त्याच्या दाराशी येऊन उभी राहायची, परक्याच्या घरी आल्यासारखी आत यायला संकोचत. दोन्ही खाटा पुन्हा एकत्र आल्या.

आता माझे पट्टे सैल झालेत, कडा पिवळ्या पडल्यात. लवकरच माझ्या जागी नवा मास्क येईल. जाण्याआधी एवढंच सांगायचंय. तुमच्या कपाटात माझा कुणी भाऊबंद पडून असेल तर त्याला बाहेर काढा. भीती वाटते, ते कबूल. हातात धरून बसा, गुणगुणा, चिडा, उद्या पुन्हा लावा. पण "मी आहे ना जागी" असं कुणी हसून म्हणालं, तर त्या हसण्यावर विसंबू नका.

काल दुपारी फुआतिनो पुन्हा घाबरली. पेनिआमिनानं तिचा हात धरून माझ्या पुढच्या बारीक भोकांपाशी नेला. तिथून त्याचा श्वास बाहेर पडतो. ती तळव्यावर येणारी हवा जोखत राहिली. एक श्वास, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. हळूहळू तिचे डोळे मिटले आणि हात उशीवर घसरला.

त्याला गाढ झोप यावी म्हणून मी मनापासून हवा फुंकत होतो. पण तो झोपला नाही. मला नाकावर तसंच ठेवून, न हलता, तिच्या छातीची वरखाली होणारी हालचाल बघत पडून राहिला.