गुंडाबाबांची काठी आणि तीमयाचा मुलगा

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची काठी आहे. वैरागच्या बाजारात गुंडाबाबांनी मला चाचपून, वाकवून, दोनदा जमिनीवर आपटून विकत घेतले. त्यांची दृष्टी नुकतीच गेली होती. चिखल कुठे, दगड कुठे, हे मी त्यांना सांगू लागले. "ही हाय म्हनून मी हाय," असे ते चारचौघांत म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे बाबांची बायको वारली. त्यांचा एकुलता मुलगा येडू सोलापुरात गिरणीत कामाला होता. तो त्यांना शहरात घेऊन आला, पण लोकांना मात्र 'गावाकडचे काका' म्हणून सांगू लागला. अशात माढ्याचे स्थळ आले. आंधळ्या बापाच्या घरात मुलगी कोण देणार, म्हणून येडूने बाप वारल्याचेच सांगून टाकले. बाबांना ते कळले. "हुं दे. तुजं लगीन व्हऊं दे म्हंजे झालं," एवढेच ते म्हणाले. मला मात्र येडूच्या नडगीवर बसावेसे वाटले. पण काठी उगारायला कुणाचा तरी हात लागतो.

ही १९२८ सालची गोष्ट. आमचे घर ख्रिस्ती. लग्नाआधी रविवारी चर्चमध्ये नवरा-नवरीची नावे बापाच्या नावासकट वाचून दाखवण्याची रीत होती. त्या रविवारी माढ्याहून आलेले मुलीचे वडील कोंडीबा पुढे बसले होते, येडू मधल्या बाकावर आणि आम्ही दोघे अगदी मागे.

आधी चर्चचे पाळक अण्णाराव यांचे प्रवचन झाले. ते म्हणाले, "येशूच्या अरामी भाषेत बार म्हणजे मुलगा. बार्तीमय म्हणजे तीमयाचा मुलगा. हा आंधळा वाटेवर भीक मागे. येशूने बऱ्या केलेल्या कितीजणांची नावेही लिहिलेली नाहीत. याचे लिहिले, तेही बापाच्या नावाने. आपल्याकडेसुद्धा माणूस बापाच्या नावानेच ओळखला जातो. दृष्टी मिळावी म्हणून हा येशूला हाका मारू लागला, तेव्हा लोक त्याला गप्प बस म्हणत होते. तो बसला नाही."

बाबा मात्र गप्प बसले होते.

मग पाळकांनी वाचले, "येडू, मयत गुंडा यांचा मुलगा..."

बाबांचा हात सुटला आणि मी फरशीवर खाडकन पडले. ते खाली वाकून मला चाचपू लागले. सगळे वळून पाहत होते, पण कुणी उठेना. शेवटी येडू आला. त्याने मला उचलून बाबांच्या हातात दिले.

"पाळकसाहेब, मयत म्हनू नका," तो म्हणाला. "माजा बाप जित्ता हाय. ह्यो काय हितं बसलाय."

कोंडीबा लालबुंद झाले. "बाप आंधळा हाय म्हनून मी पोरगी दिली नसती, आसं कुनी सांगितलं रं तुला? खोटं बोललास त्येचा राग हाय! पुढल्या रविवारी नाव नीट वाचा, मंग बगू."

पुढल्या रविवारी नाव नीट वाचले गेले. बाबांनी ते मान वर करून ऐकले. लग्नही झाले. त्यानंतर बाबा येडूच्या खांद्यावर हात ठेवून हिंडत. माझे काम कमी झाले, पण खोटे कशाला सांगू, मला आनंदच झाला.

मित्रांनो, आता बाबा नाहीत आणि मी दाराआड उभी असते. मला वाळवी लागली आहे. कधी तेलाचा हात फिरवलात तर बरे वाटेल, नाहीतर माझे काही अडत नाही. पण घरच्या म्हाताऱ्यांना जिवंतपणी मयत करू नका. कुणी विचारले तर त्यांचे नाव मोठ्याने सांगा. ते मागच्या बाकावर बसून ऐकत असतात.