आडवा धरलेला हात

बाबूलालने दोन लेन्सा टेबलावर ठेवल्या, तेव्हाच नानाजींना शंका आली. माणूस अकोल्याचा, कॅमेऱ्याचं सामान घेऊन गावोगाव फिरणारा. आजवर तो एकच वस्तू दाखवायचा आणि तीच गळ्यात मारून जायचा. नानाजींनी वाशीमच्या कचेरीसमोर फोटोचा स्टुडिओ घातल्याला अकरा वर्षं झाली होती, पण "दोन्ही ठेवा, आठ दिवसांनी एक निवडा" असं हा गृहस्थ कधी म्हणाला नव्हता.

"दोन्ही जवळून काढतात. पोस्टाचं तिकीट अख्ख्या फोटोत भरते," बाबूलाल म्हणाला. "पन माहं ऐका, ही आखूड घ्या. हलकी हाये. अंगठाबी निघते, नवरदेवबी निघते."

"अंगठा काढायचा हे तुले कोनं सांगतलं?"

"कचेरीसमोर दुसरं काय काढान, नानाजी? गुलाब?"

तो हसला. नानाजी हसले नाहीत. सकाळी मानोऱ्याच्या मोटारीतून बाबूलाल उतरला, तेव्हा त्याच्या मागोमाग दौलतसिंग उतरलेला त्यांनी पाहिला होता.

अंगठ्याचं प्रकरण दौलतसिंगच्या भावजयीचं होतं. रुखमाबाईचा नवरा वारला आणि वर्षाच्या आत तिचं सहा एकर रान दिराच्या नावावर विकलेलं निघालं. खरेदीखतावर अंगठा होता. रुखमाबाई म्हणत होती, "तो माहा नोहे. म्या लावलाच नाही." कोर्टाची तारीख शुक्रवारची. तिच्या वकिलाला कागदावरचा अंगठा आणि तिचा अंगठा, दोन्हींचे थाळीएवढे फोटो हवे होते. मंगळवारी एक तास कागद पाहायला मिळणार होता, तोही कारकुनाच्या टेबलावर, कारकुनाच्या समोर. फोटो हलला किंवा अंधारला, तर दुसरी संधी नव्हती. नानाजींची जुनी लेन्स दीड हाताच्या आत काही दाखवतच नव्हती.

म्हणजे सगळं या दोन लेन्सांवर होतं, आणि एक घ्या असं बाबूलाल हट्टानं सांगत होता.

नानाजींनी भिंतीला वर्तमानपत्र ठोकलं. आखूड लेन्स वाईट नव्हती. अक्षरं कोरल्यासारखी आली. पण ती कागदाच्या इतकी जवळ न्यावी लागे की तिचीच सावली अक्षरांवर पडे. लांब लेन्स वीतभर मागे राहूनही तेवढंच मोठं दाखवी, आणि खिडकीचा उजेड कागदावर सरळ उतरे. मग आखुडीनं त्यांनी बायकोचा, कस्तुराबाईंचा, चेहरा काढला. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "नाकाचं वांगं केलं माह्या! आता भिताडाचेच काढा." लांब लेन्सपुढं त्या बसल्याच नाहीत.

मंगळवारी नानाजींनी लांब लेन्स नेली. कारकुनाच्या टेबलावर सावली पडली नाही. खतावरचा अंगठा सहा वेळा काढला, आणि वकिलानं कोऱ्या कागदावर घेतलेला रुखमाबाईचा उजवा अंगठाही सहा वेळा. इकडे बाईचा उजवाच घेतात. खतावरही तसंच लिहिलं होतं.

स्टुडिओत येऊन टेकतात न टेकतात तोच दारात दौलतसिंग उभा.

"कायचे फोटो काढून राह्यले कचेरीत?"

"कागदाचे."

"कोनत्या कागदाचे?"

"बसा ना. रोलमधी जागा हाये. या लेन्सनं तोंड कसं येते ते पाहाचं राह्यलं."

"माहा नोको!" दौलतसिंगनं उजवा पंजा चेहऱ्यासमोर आडवा धरला. "काढू नोको म्हनतो ना!"

नानाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला होताच; काचेत चेहरा झाकला गेला. पुढं नुसता धुरकट पंजा. नानाजी हटवादी होते. एक पाऊल पुढं जाऊन त्यांनी लेन्सवरचं कडं जरा फिरवलं. पंजावरच्या रेषा एकेक वर आल्या. लांबचं सोडून जवळचं धरायला दुसरं काही जोडावं लागलं नाही. ही खरी परीक्षा, असं मनाशी म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"हातानं काय अडवता, दौलतसिंग? तो तर फोटो निघाला."

दौलतसिंग गुरगुरत गेला.

दुपारी रोल धुऊन नानाजींनी तो खिडकीशी धरला आणि भिंग लावलं. खतावरच्या अंगठ्यातून एक बारीक रेघ तिरपी गेली होती, डावीकडून वर उजवीकडे. जुना वण असावा. रुखमाबाईच्या अंगठ्यावर असं काही नव्हतं. शेवटच्या चौकटीत पंजा होता. त्याच्या अंगठ्यावरही वण होता, पण तो उजवीकडून वर डावीकडे.

नानाजींनी दोन्ही चौकटी पुन्हा पाहिल्या. इतका सारखा, आणि नेमका उलटा! आपणच संशयानं आंधळे झालो की काय? त्यांनी आपल्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर दाबला, आणि अंगठा शेजारी धरून पाहिलं. त्यांच्या अंगठ्यावर डावीकडे असलेली चीर कागदावर उजवीकडे उमटली होती.

पंजाची फिल्म त्यांनी पालथी केली. दोन्ही वण एकाच बाजूला झुकले.

वकिलानं फोटो पाहून तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. दौलतसिंगच्या अंगठ्याचा ठसा कोर्टात सर्वांसमोर घ्यावा, असा अर्ज त्यानं लिहिला.

गुरुवारी बाबूलाल आला. नानाजींनी लांब लेन्स ठेवून घेतली आणि सरळ विचारलं, "आखुडीचा हट्ट काहून धरला होता?"

"खरं सांगू? ती कोनीच घेत नाही. दोन वर्षं झोळीत घेऊन फिरून राह्यलो."

"आन् दौलतसिंग?"

"कोन दौलतसिंग?"

नानाजींनी त्याचा चेहरा निरखला. खरं बोलत असावा.

शुक्रवारी कोर्टात पुकारा व्हायच्या आधी दौलतसिंग स्टुडिओत आला. बाकावर रुखमाबाई बसली होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"माहा तो फोटो फाडून टाका."

"तोंड आलंच नाही त्यात," नानाजी म्हणाले. "नुसता हात आला. वकिलाजवळ हाये."

दौलतसिंगचा उजवा हात आपोआप मिटला. अंगठा आत, बोटं वर.

रुखमाबाई उठली. पदर सावरून ती त्याच्या समोर आली.

"उघडा ना मूठ, भाऊजी," ती म्हणाली. "आता कोर्टात उघडाच लागन."