लाल दोऱ्याची दुमड

चर्चच्या मंडळीतले सगळे तिला टेलरबाईच म्हणत. परदेशातल्या एका गरीब वस्तीत सेवेला जाणाऱ्या गटात पाळकसाहेबांनी तिचं नाव घातलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सुईच चालवायची, तर इथं काय गंज चढला होता तिला?" पण निघायच्या दिवशी नातीला कडेवर घट्ट धरून त्यांनीच सुनेला दाराबाहेर ढकललं. मागे वळलीस तर ही रडेल, आणि मग मला आवरायला कोणी नाही, असंही बजावलं.

टेलरबाईच्या सामानात दोन बोचकी पिवळे फ्रॉक होते. भगिनी मंडळानं कापड आणलं, हिनं बेतलं, सगळ्यांनी मिळून शिवलं. तिकडच्या चर्चकडून मुलींची वयं तेवढी कळली होती. चार वर्षांची मुलगी म्हणजे केवढी, हे कोणाला विचारावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. चार वर्षांची तिच्या घरात होतीच. लेकीला स्टुलावर उभं करून तिनं माप घेतलं आणि कात्री चालवली.

वस्तीतल्या चर्चच्या लांबट खोलीत रोज सकाळी मुलांना गरम लापशी मिळे. गटातली नर्सबाई त्यांची वजनं करी. पाळकसाहेब बाह्या सारून ताटल्या घाशीत आणि घरी हे कोणी सांगू नका, नाहीतर तिथंही जुंपतील, असं दर सकाळी न चुकता म्हणत. अशाच एका सकाळी फ्रॉक वाटले. मंडळीला पाठवायला फोटोही काढायचा होता.

मुली ओळीनं उभ्या राहिल्या. एकूण एक फ्रॉक ढगळ. टोकाला बाटल्या धुणाऱ्या एका बाईची चार वर्षांची लेक होती. तिच्या फ्रॉकाचा गळा तर खांद्यावरून घसरून दंडावर आला. रोजच्या तोकड्या झबल्यात ती नुसती लहानखुरी दिसायची, आता गळ्याखालचं हाड न् हाड उघडं पडलं. चालायला गेली तर घेरात पाय अडकून पडली. कोणीतरी हसलं. तिच्या आईनं फ्रॉक काढला, नीट घडी करून बाकावर ठेवला, झबलं चढवलं आणि लेकीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी त्या मायलेकी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब स्वतः बोलवायला गेले, तर तिनं त्यांना बसायला खोकं दिलं, पाणी दिलं, आणि येते म्हणून काही म्हटलं नाही. नर्सबाईच्या जिवाला घोर लागला. त्या पोरीचं वजन आत्ता कुठं हलायला लागलं होतं. खंड पडला तर केलेलं सगळं पाण्यात, आणि दुखणं आलं तर ते झेलायला अंगात काही उरलेलं नाही, असं ती सांगत होती.

संध्याकाळी टेलरबाईनं फोनवर सासूबाईंपुढे रडगाणं गायलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कपडा बिघडला तर गिऱ्हाइकाकडे कोण जातं गं? पाळक का टेलर?"

सकाळी फ्रॉक आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन ती निघाली. सोबत तिथल्या पाळकांची बायको, पाळकीणबाई होती. ती मूळची आपल्याकडचीच, लग्न होऊन तिकडची झालेली, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं तिच्या तोंडात होतं.

बाटल्यांच्या वखारीत टबापाशी ती बाई बसली होती. ब्रश आत घालायचा, दोनदा फिरवायचा, बाटली उपडी करायची. ओली लेबलं तिच्या मनगटांना चिकटली होती. पोरगी शेजारी खोक्यावर बसून नखानं लेबलं सोलत होती. फ्रॉक पाहताच तिनं आईकडे पाहिलं. आईचा हात थांबला नाही. ती खाली बघूनच बोलली आणि पाळकीणबाईनं हळू आवाजात ते सांगितलं.

"घरात ती मला बरी दिसायची. तुमच्या फ्रॉकात मला कळलं, तुमच्याकडची लेकरं केवढी असतात."

टेलरबाईनं डबा खाली ठेवला. ती टबासमोर उकिडवी बसली. "चूक माझी," ती म्हणाली. "मी माझ्या लेकीचं माप घेतलं. हिचं घ्यायला हवं होतं."

ब्रश थांबला. तुमची कोणापाशी आहे, बाईनं विचारलं. सासूपाशी, हे कळल्यावर तिनं टेलरबाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग हात पुसले आणि पोरीला पुढे केलं.

टेलरबाईनं खडूनं दोन्ही बाजूंना खुणा केल्या. जास्तीचं कापड कापून टाकायला कात्री उघडली, तोच एक हात पात्यावर आला.

"कापू नका," ती आई म्हणाली. "दुमडा. ही वाढणार आहे."

रोज आणा, नागा करू नका, असं नर्सबाईनं पढवून पाठवलं होतं. टेलरबाईनं त्यातलं अवाक्षर काढलं नाही. कात्री डब्यात ठेवली आणि लाल दोरा ओवला. खांद्यावर, कडांना, खाली घेराला दुमडी घातल्या, सगळा धावदोरा, ओढला की निघेल असा, टोकं सैल सोडलेली. आई टाचण्या देत होती. काखेपाशी सुई आली की पोरीला गुदगुल्या व्हायच्या आणि ती अशी काही वळवळायची, की पाळकीणबाईसुद्धा हसून हसून खोक्यावर टेकली.

निघताना कोणी कोणाकडून काही कबूल करून घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी लापशीचं पातेलं तळाला आलं तरी टेलरबाईची नजर दाराकडेच होती. पाळकसाहेब ताटल्या घासायला घेणार, एवढ्यात पिवळा फ्रॉक उंबऱ्यात दिसला. खांद्यावर चोख बसलेला. मागे आई, मनगटावर एक लेबल तसंच.

पोरीनं ताटली चाटूनपुसून रिकामी केली. आईनं फ्रॉकच्या लाल टोकांकडे बोट दाखवून पाळकीणबाईला काही विचारलं. पोर वाढली की यातला पहिला दोरा कुठला सोडायचा, ते तिला समजून घ्यायचं होतं.

"आधी घेराचा," टेलरबाई म्हणाली, आणि टोक चिमटीत धरून कसं ओढायचं ते तिला दाखवलं.

आईनं स्वतः एकदा धरून पाहिलं, ओढलं मात्र नाही. मग लेकीची ताटली पातेल्यापाशी उभ्या नर्सबाईसमोर सरकवली.

"हा दोरा सोडायचा, तर मग अजून थोडी घाला."