मोरीखालची दुपार

रोशनीची रजा ऐनवेळी नामंजूर झाली आणि भाड्याने घेतलेल्या गिअरच्या दोन सायकलींपैकी एक रिकामी राहिली. इरा इंदिरानगरहून पंचवटीत काकूकडे आली ती मैत्रिणीचं हेच गाऱ्हाणं घेऊन. गोदावरी मेथी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मी येते."

"काकू, चार दिवस आहेत. पेठ, सुरगाणा, कळवण आणि मग परत. सगळा डोंगर आहे."

"मी कळवणचीच आहे. भावाची सायकल घेऊन शाळेत जायचे."

इराला आधी ती थट्टा वाटली. गोदावरी बावन्न वर्षांची होती. तिचा नवरा गंगाधर गोदाकाठी यजमानांचे विधी करायचा. लांबलांबून माणसं आई-वडिलांच्या अस्थी घेऊन, श्राद्धासाठी त्याच्याकडे येत, आणि विधी झाला की त्यांची पानं त्याच्याच घरी मांडली जात. तो सगळा स्वयंपाक गोदावरी सोवळ्यात करायची. ती शेगडीपाशी असेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही, तिने कुणाला शिवायचं नाही. माहेरी गेली तरी दुसऱ्या दिवशी परत, कारण तिसऱ्या दिवशी यजमान ठरलेले असायचे. आता भाऊ पुण्याला मुलाकडे राहायला गेल्यापासून तेही थांबलं होतं.

गंगाधर रात्री जेवताना म्हणाला, "आणि इथलं कोण बघणार?"

"समोरच्या मीनाला विचारलंय. ती चार दिवस करेल."

गंगाधरने भात कालवला. नाही म्हणायला त्याच्याकडे दुसरं कारण नव्हतं, आणि तिने मीनाला आधीच विचारून ठेवलंय हे त्याला लागलं. 

दिवाळी होऊन गेली होती. पहाटेच्या गारव्यात दोघी निघाल्या. पंजाबी ड्रेस, डोक्याला इराचं जुनं हेल्मेट, मागच्या कॅरिअरला कपडे आणि खाण्याची पिशवी, पुढे हँडलला मोबाईलची पिशवी. घाटात गोदावरी बरंचसं अंतर उतरून चालली. पेठला पोचेपर्यंत तिच्या मांड्या भरून आल्या होत्या, तळहात लाल झाले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इराच्या आधी तीच उठून बसली होती. सुरगाण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना नागलीची कापणी चालू होती. डोंगरातून मोबाईलची रेंज गेली ती आलीच नाही, आणि घरून येणारे फोन थांबले. गोदावरीने ते इराला बोलूनही दाखवलं. "किती शांत आहे गं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी जेवण लवकर उरकून दोघी कळवणच्या दिशेने एका उतारावर लागल्या. इरा पुढे होती. तिने मागे वळून ओरडून सांगितलं, "ब्रेक हळूहळू दाब, काकू. एकदम नको." आणि ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

वळणावर रस्त्याच्या दुरुस्तीची बारीक खडी पसरलेली होती. गोदावरीने ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक खडीवरून सरकलं. तिथला कठडा कधीचा ढासळलेला होता. ती सायकलसकट रस्त्याखालच्या मोरीच्या बाजूने खाली नाल्यात गेली आणि तिच्यामागून कठड्याचे सुटलेले दगड घरंगळत आले.

डोळे उघडले तेव्हा ती एका खडकाला पाठ टेकून अर्धवट बसलेली होती. डावा पाय गुडघ्याखाली दोन धोंड्यांच्या फटीत होता. फटीवर सायकल आडवी पडली होती आणि सायकलवर कठड्याचा मोठा दगड येऊन बसला होता. पायाखालून नाल्याचं थंड पाणी वाहत होतं. तिने पाय ओढून पाहिला आणि कळ थेट डोक्यात गेली. दगडाला दोन्ही हात लावून तिने जोर केला. दगड हललाही नाही.

वर करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी इतकी दाट होती की रस्ता दिसत नव्हता. फक्त मोरीचं काळं तोंड दिसत होतं. नाला मोरीतून बाहेर पडताना मोठा आवाज करत होता. मोबाईलची पिशवी हँडलसकट पाण्याखाली गेली होती.

"इरा," ती ओरडली. पाण्याच्या आवाजात तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला.

वरून एक जीप गेली. टायरखाली खडी कडकडली तेवढीच. मग मोटारसायकल गेली. प्रत्येक वेळी ती ओरडली आणि प्रत्येक वेळी आवाज वळणापलीकडे विरून गेला. इतक्या जवळून माणसं जात होती की कुणी थुंकलं असतं तर तिच्या अंगावर पडलं असतं.

मग तिला इराची हाक ऐकू आली. "काकू. काकू गं." इरा उताराच्या तळाशी थांबून वाट पाहून परत वर येत होती, सायकल ढकलत. हाक मोठी होत गेली, अगदी डोक्यावर आली. गोदावरीने छाती फुटेपर्यंत ओ दिली. हेल्मेट काढून वर भिरकावलं, ते जाळीत अडकून राहिलं. इराची हाक तशीच पुढे गेली, चढावर, जिथून त्या आल्या होत्या तिकडे. काकू मागेच कुठेतरी राहिली असं तिला वाटत असणार. थोड्या वेळाने हाक ऐकू यायची बंद झाली.

गोदावरी रडली. रडून झाल्यावर दमून तिने डोकं खडकाला टेकवलं. आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. तिला बरं वाटलं. तिला आता उठता येणार नव्हतं, कुणी कितीही बोलावलं तरी जाता येणार नव्हतं, आणि यात तिचा काही दोष नव्हता. मंगळवारी सोलापूरचे यजमान येणार होते, त्यांचं जेवण तिला करता येणार नव्हतं. कितीतरी वर्षांत तिने अंग असं सैल सोडलं नव्हतं. तिचे डोळे मिटायला लागले.

मग तिच्या लक्षात आलं की पायाची बोटं तिला जाणवत नाहीत. ती दचकून जागी झाली. दगडाखाली अडकून पडल्यावर आपल्याला विसावा मिळाला, या विचाराची तिला दगडापेक्षा जास्त भीती वाटली. ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर चढलं होतं आणि नाल्यात सावली भरायला लागली होती. इथे आपण मेलो, तर बरं वाटत असतानाच मरू, असं तिच्या मनात आलं. ते तिला नको होतं.

तिने हात लांबवून कॅरिअरची पिशवी चाचपली. पराठ्यांचा स्टीलचा डबा हाताला लागला. तिने डबा खडकावर ठेवला आणि गोटा घेऊन त्याच्यावर मारायला लागली. स्टीलचा टणत्कार पाण्याच्या आवाजातून वेगळा उठला. ती मारत राहिली. झाकण चेपलं, डबा वाकडा झाला. हात भरून आला की हात बदलायचा आणि पुन्हा मारायचं.

"कोन हाय तिथं?"

आवाज रस्त्यावरून नाही, नाल्याच्या पलीकडून आला. तिकडच्या उतारावर नागलीचा तुकडा होता. एक बाई मुळ्यांना धरून खाली उतरत होती, हातात विळा.

"इथे आहे. पाय अडकलाय."

बाई पाणी ओलांडून आली, सायकलकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. तिने विळा बाजूला ठेवला आणि दगडाला खांदा लावला. दोघींनी मिळून जोर केला. दगड तसूभर हलला आणि परत बसला. गोदावरीच्या तोंडून किंकाळी बाहेर पडली.

"नाय निघायचा असा," बाई म्हणाली. "वाडीत गडी मानूस कोनी नाय. समदे द्राक्षाच्या बागंवर गेल्यात. मी चिमणाबाईला आनते, पहार पन आनते."

गोदावरीने तिचं मनगट धरलं. "जाऊ नका."

"अगं, गेल्याबिगर कसं व्हईल?"

"नका जाऊ. इथे कुणाला ऐकू येत नाही."

"मला आलं ना." बाई तिच्याजवळ उकिडवी बसली. तिने मनगट सोडवून घेतलं नाही. "तुजं नाव काय?"

"गोदावरी."

"मी फुलाबाई. हात सोड गोदाबाई. तू धरून बसलीस तर दगड कोन काढंल?"

"परत याल ना?"

फुलाबाईने विळा उचलून गोदावरीच्या मांडीवर ठेवला. "ह्यो ठेव तुज्याजवळ. अर्धी नागली उभी हाय माजी. ह्याच्याबिगर मी काय कापू? येतेच."

गोदावरीने हात सोडला. फुलाबाई मुळ्या धरून वर गेली आणि दिसेनाशी झाली.

तो वेळ सगळ्यात वाईट गेला. आधी कुणाला माहीतच नव्हतं, आता एका माणसाला माहीत होतं आणि तेही निघून गेलं होतं. गोदावरीने विळ्याची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिला थंडी वाजत होती. दात वाजायला लागले तसे तिने स्वयंपाकघरातले डबे फळीवरच्या क्रमाने आठवायला सुरुवात केली, जागं राहायला. तिसऱ्या डब्याशी ती थांबली. ते नको, असं स्वतःशी म्हणाली, आणि शाळेतल्या मुलींची नावं आठवायला लागली.

माणसांचे आवाज आले तेव्हा ती सातवीच्या वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचली होती. फुलाबाईबरोबर एक काटकुळी म्हातारी होती, चिमणाबाई, आणि त्यांच्यामागून घसरत, ओरबाडत इरा आली. फुलाबाईला ती रस्त्यात भेटली होती. प्रत्येक जीप थांबवून विचारत हिंडत होती. काकूला पाहून तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"मी वरून दोनदा गेले गं, काकू. दोनदा."

"मी ऐकलं," गोदावरी म्हणाली. "तू ओरडत होतीस ते ऐकलं."

चिमणाबाईने पहार दगडाखाली सारली आणि टोकावर अंग टाकून लोंबकळली. फुलाबाईनेही पहारीवर जोर दिला. इराने मागून काकूच्या काखेत हात घातले. "आता वड," फुलाबाई म्हणाली. दगड उचलला गेला, सायकलची नळी करकरली आणि पाय बाहेर आला. गोदावरीला पुढचं धड आठवत नाही. कुणीतरी तिला घोंगडीत गुंडाळलं, तिघींनी उचलून रस्त्यावर आणलं, एका जीपवाल्याने मागची सीट रिकामी केली. जीप निघताना तिने फुलाबाईचा हात पुन्हा धरला होता आणि या वेळी फुलाबाईने सोडवून घेतला.

कळवणच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पावलाचं काही खरं नव्हतं.

सकाळी गंगाधर आला, गाडी करून, कालचंच धोतर नेसून. त्याचे डोळे सुजलेले होते. तो खाटेजवळ बसला आणि बराच वेळ प्लास्टरकडे पाहत राहिला.

"घरी चल," तो म्हणाला. "वरच्या खोलीत झोपायचं. खाली उतरायचंच नाही. मीनाला तू वरून सांगत जा, ती करेल."

गोदावरीला ती खोली दिसली. जिन्याच्या तोंडाशी खाट, खालून येणाऱ्या हाका आणि वरून जाणारी उत्तरं. कालची सावली पुन्हा अंगावर आल्यासारखं तिला झालं.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मीनाला तिचं तिला करू दे. पाय बरा झाला तरी. मला त्यातलं काही विचारायचं नाही."

गंगाधरने इराकडे पाहिलं. इरा खिडकीबाहेर बघत होती.

"तिथे पडले होते ना," गोदावरी हळू बोलत होती, "तिथे एकदा मला बरं वाटलं. दगड होता पायावर, आणि मला वाटलं, चला, मंगळवारचा स्वयंपाक सुटला. मग मला फार भीती वाटली."

 गंगाधरने उपरण्याने तोंड पुसलं. मग त्याने विचारलं, "इतकं होतं?"

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

तो उठून बाहेर गेला. तो परत येणार नाही असं इराला क्षणभर वाटलं. पण तो गाडीवाल्याला घेऊन आला, दोघांनी गोदावरीला उचललं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. वाटेत तो पुढे बसला.  पंचवटीच्या गल्लीत गाडी शिरेना, म्हणून तिला खुर्चीत बसवून आत आणि मग वरच्या खोलीत नेलं. शेजारपाजार ओट्यांवर उभा होता.

मीना टिकली. सोलापूरच्या यजमानांनी आमटी आळणी असल्याचं सांगितलं, गंगाधरने ते ऐकून घेतलं. पहिले काही दिवस तो सवयीने जिन्याखालून "अगं, जरा" एवढं म्हणायचा आणि मधेच थांबायचा. गोदावरी वर पडून ते ऐकायची. पाय खाली टेकवायला अजून कितीतरी आठवडे होते आणि खोलीला एकच खिडकी होती. त्या "अगं, जरा"नंतर दर वेळी तिचं अंग उठायला ताठ व्हायचं. मग खाली गंगाधर स्वतःच फळ्यांवर शोधाशोध करायला लागला की ते हळूहळू सैल पडायचं.