बिनपुराव्याची बातमी

मित्रांनो, दाराच्या मागे झाडूच्या शेजारी उभी असलेली ही जुनी काठी म्हणजे मी. छतावरची जाळी काढायची असली की घरातल्यांना माझी आठवण होते. एरवी होत नाही. माझं बोलणं कुणाला ऐकावंसं वाटेल, याची मला खात्री नाही. तरीही सांगते. तुम्हाला कंटाळा आला तर दोष माझ्या सांगण्याचा, घडलेल्या गोष्टीचा नाही.

मी मूळची डोंगरउतारावरच्या झाडाची फांदी. एका मेंढपाळाने मला तोडलं, सोललं, निखाऱ्यांवर शेकून माझं टोक वाकवलं आणि मेंढीची चरबी चोळून मला गुळगुळीत केलं. त्याच्या बायकोचा भाऊ त्याच्याबरोबरच कळप राखायचा. तो त्याला दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणते.

संशय घेणं हे माझं काम होतं. संध्याकाळी दगडी कुंपणाच्या तोंडाशी दाजी मला आडवी धरायचे आणि एकेक मेंढी माझ्याखालून आत जायची. कोण लंगडते, कुणाच्या पायात काटा आहे, दुसऱ्याच्या कळपातली कोण गुपचूप घुसते आहे, सगळं मला कळायचं. झुडूप हललं की मी आधी लांडगा धरून चालायची. वारा निघाला तर बरंच.

पण आम्ही जगावर जेवढा संशय घ्यायचो, त्याच्या दुप्पट जग आमच्यावर घ्यायचं. मेंढरं मालकाची होती. लांडग्याने एखादी नेली, तर तिचा कान नाहीतर पाय शोधून मालकापुढे ठेवावा लागे. तो नसेल तर मेंढी विकून खाल्ली, असाच अर्थ. मेंढपाळाच्या नुसत्या शब्दाला गावात किंमत नव्हती. भांडणतंट्यात त्याची साक्षसुद्धा कुणी घेत नसे. म्हणून दाजींच्या झोळीत भाकरीशेजारी एखादा वाळलेला कान असायचाच.

एकदा एक कोकरू नाहीसं झालं. दाजींनी दगडन् दगड पालथा घातला. हाती काही लागलं नाही.

मालक म्हणाला, "कान नाही, पाय नाही. म्हणजे लांडगा तुझ्या ओळखीतला दिसतोय. पुन्हा असं झालं तर कळप दुसऱ्याच्या हातात देईन."

 पुढे एकदा जेवताना मेहुणा सहज बोलावं तसं बोलला, "दाजी, त्या आठवड्यात तुम्हाला ढेकरा मात्र मोठ्या येत होत्या हं."

दाजी हसले नाहीत. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि हात धुतले. तेव्हापासून दोघं एकाच शेकोटीला बसायचे, पण दोन बाजूंना.

आणि मग ती रात्र आली.

आम्ही कुंपणापाशी होतो. अचानक समोरच्या टेकडीवर उजेड झाला, एवढा की माझी सावली गवतावर लख्ख पडली. मित्रांनो, त्या वेळी आम्ही काय केलं असेल? आम्ही उजेडाकडे पाठ केली. चोरांची ही युक्ती आमच्या चांगली ओळखीची होती. एकाने इकडे जाळ करायचा, मेंढपाळ बघत बसले की दुसऱ्याने तिकडून मेंढरं पळवायची.

मेहुणा ओरडला, "दाजी, तिकडे बघू नका. अंधाराकडे बघा, अंधाराकडे."

त्यामुळे त्या उजेडात आलेल्या देवदूताला पहिले शब्द आमच्या पाठींशी बोलावे लागले. तो म्हणाला, "घाबरू नका."

चोर असं म्हणत नाहीत. दाजी हळूच वळले. देवदूत म्हणाला की मी तुमच्यासाठी आनंदाची बातमी आणली आहे, आणि तो आनंद सगळ्या लोकांचा आहे. आज गावात तुमचा तारणारा जन्मला आहे. त्याची खूण ही, की कापडात गुंडाळलेलं एक बाळ गव्हाणीत निजलेलं दिसेल. मग आभाळभर गाणं झालं. ते कसं होतं हे सांगण्याइतकी भाषा माझ्याकडे नाही. नंतर पुन्हा अंधार, आणि मेंढरांचं रवंथ करणं तेवढं ऐकू येत होतं.

मेहुण्याने आधी मेंढरं मोजली.

"मला नाही पटत," शेवटी मेहुणा म्हणाला. "एवढी गोड बातमी आपल्याला कोण सांगतं, दाजी? आपल्याला बोलणी खायची सवय."

"फसवायचंच असतं तर महाल सांगितला असता," दाजी म्हणाले. "गव्हाण कशाला सांगतील?"

"आपल्याला पटावं म्हणून."

"तेच म्हणतोय मी. थंडीत जन्मलेलं कोकरू आपण कुठे ठेवतो? कापडात गुंडाळून गव्हाणीतच ना? आपल्याला कळेल अशी खूण दिली त्यांनी." दाजी थांबले. "मालक आपल्याकडे खूण मागतो. यांनी मागितली नाही रे. दिली."

मेहुण्याने कळपाकडे बघितलं. "आणि मागे एखादी मेंढी गेली तर?"

 दाजींनी काटेरी फांद्या ओढून कुंपणाचं तोंड बंद केलं आणि मला उचललं. मेहुणा पुटपुटत मागे आला. मला तर हे मुळीच आवडलं नव्हतं.

गावात आम्ही गोठ्यामागून गोठे बघत निघालो. एका खिडकीतून बाईचा आवाज आला, "कोण आहे तिकडे? माझ्या कोंबड्या मोजलेल्या आहेत, सांगून ठेवते."

"आम्ही बाळ शोधतोय, ताई," दाजी म्हणाले.

"कोंबड्या सोडून आता बाळं का?" असं म्हणून तिने खिडकी लावून घेतली.

शेवटच्या गोठ्यात दिवा होता. दारात एक सुतार उभा होता. प्रवासाने थकलेला, डोळे तांबारलेले, हातात फळी. त्याने दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि फळीवरची मूठ आवळली. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दाजींनी अडखळत सगळं सांगितलं. ते सांगताना त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटतंय की काय, अशी मला शंका आली.

आतून बाईचा दमलेला आवाज आला, "येऊ द्या त्यांना."

"अगं, काठ्या आहेत यांच्याकडे."

"तुमच्याकडे फळी आहे की."

 सुताराने फळी भिंतीला टेकवली. दाजींनी मला गवतावर ठेवलं. अनोळखी माणसासमोर त्यांनी मला हातातून सोडलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

गव्हाणीत बाळ होतं. लाल, सुरकुतलेलं, मूठ तोंडाशी घेतलेलं. मी खोट शोधत होते. तेज नव्हतं, गाणं नव्हतं. होतं ते सांगितल्याप्रमाणे: कापड, गव्हाण, बाळ. दाजींचे डोळे भरून आले, आणि मग त्यांनी मेंढपाळालाच सुचेल अशी गोष्ट केली. त्यांनी झोळीचं तोंड उघडलं.

"ताई, या कापडाची एक चिंधी फाडून द्याल का? मी बाहेर सांगेन, पण रिकाम्या हाताने माझं कुणी ऐकत नाही."

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळ उचललं आणि दाजींच्या हातांवर ठेवलं.

"बातमी तुमच्यासाठी आहे ना?" ती म्हणाली. "मग आधी तुम्ही घ्या. लोकांचं मागून बघू."

ज्या हातांना लोक कोंबड्यांजवळ फिरकू देत नव्हते, त्या हातांवर ते बाळ निजलं. दाजी चिंधी विसरले.

मी लाकूड आहे. धर्मातलं मला कितपत समजतं, कोण जाणे. पण तेव्हापासून मला असं वाटतं, की देवाला बातमी लवकर पसरवायची असती तर त्याने मोठी माणसं निवडली असती. त्याने अशी माणसं निवडली, ज्यांच्यावर कुणी विश्वास टाकत नव्हतं, आणि स्वतः त्यांच्यावर विश्वास टाकला. तोही हातचं राखून नाही. ते बाळ, आपला पोटचा मुलगाच, त्यांच्या हाती दिला.

परतताना दाजी भेटेल त्याला सांगत सुटले. काही हसले, काही नवल करत राहिले. कोंबड्यांवाल्या बाईने खिडकी उघडून सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "बाळाची आई जेवली का?"

उजाडता उजाडता आम्ही पोहोचलो. काटेरी फांद्या बाजूला पडल्या होत्या. एक मेंढी कमी होती. आणि मालक उभा होता.

"कुठे होतास?"

दाजींनी सांगितलं. काही लपवलं नाही.

"पुरावा?"

दाजींचा हात सवयीने झोळीत गेला आणि रिकामा बाहेर आला. "नाही. पण मी पाहिलंय."

मालक मेहुण्याकडे वळला. "तू सांग. हा रात्री कळप सोडून कुठे गेला होता? नीट सांगितलंस तर कळप उद्यापासून तुझा."

मित्रांनो, मी त्या मेहुण्याला पुरती ओळखून होते. त्याने मेंढरांकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, खाली बघितलं. आता हा दाजींना विकणार, असं मी मनात पक्कं धरलं.

"दाजी म्हणतात ते खरं आहे," मेहुणा म्हणाला. "मीही तिथेच होतो."

"पुरावा आहे?"

"यांचा शब्द आहे. मला पुरतो."

मालकाने हात झटकले. कळप गेला. दोघं उतारावरून खाली चालू लागले. पुढे मेंढरं नाहीत, माझं काम नाही, अशी ती माझी पहिली सकाळ.  दाजींनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात खालच्या रस्त्यापर्यंत तसाच राहिला.

"आता काय करायचं, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"पलीकडच्या गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही," दाजी म्हणाले.

त्यानंतर मी कितीतरी हातांतून फिरले, झिजले, आता तडकलेही आहे. मला अधूनमधून थोडं तेल चोळलंत तर बरं वाटेल. पण ते राहिलं तरी चालेल. मित्रांनो, मागणं वेगळंच आहे. धुळीने भरलेल्या पायांचं, तुमच्या ओळखीपाळखीचं नसलेलं कुणी आनंदाची गोष्ट सांगू लागलं, तर त्याला आधी बसायला सांगा. माझा संशयी स्वभाव अजून पुरता गेलेला नाही, आणि तुमचाही एकदम जाईल असं नाही. पण तो जाईपर्यंत त्या माणसाला दारात उभं ठेवू नका.