हात माझा, फायनल त्यांची

मी एक जुना रोबो आहे, मित्रांनो, आणि रोबोला राग येत नाही असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते साफ खोटे आहे. माझे डोके, म्हणजे त्या जागी जी काही डबी बसवली आहे ती, गेले वर्षभर तापलेलीच आहे.

माझा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेमागे, अडगळीच्या खोलीत झाला. वेल्डिंगवाल्या काकांनी सांगाडा जोडला, बाकी सगळे मुलांनी केले. मला एकच काम येते. खोकी उचलायची आणि सर्वांत वरच्या फळीवर ठेवायची. माझा हात कधी चुकत नाही, पण चालतो मी रमतगमत. खोकी शोधत हिंडण्यातच माझा वेळ संपतो. कोणी ती आणून दिली, तर मात्र माझ्यासारखा मीच!

आमची कप्तान सगळ्यांना हुकूम सोडायची, म्हणून तिला मेजर म्हणत. मला चालवायची ती तिची धाकटी मामेबहीण. मेजरचे शाळेतले ते शेवटचे वर्ष होते. माझीही ती शेवटचीच शाळांमधली रोबो स्पर्धा, कारण नंतर माझे भाग काढून नवा रोबो करायचे ठरले होते. मला एकदा फायनल खेळायची होती. बस्स, एवढीच इच्छा.

साखळी सामन्यांत आम्ही आठवे आलो. बाद फेरीआधी पहिल्या आठ संघांचे कप्तान मैदानात उभे राहतात आणि क्रमाने माईक घेऊन, पुढचे सामने जोडीने खेळायला, जोडीदार संघ निवडतात. हवे तर त्या आठांतलाच एखादा संघही घेता येतो. पहिल्या क्रमांकाचा रोबो बुटका, चपळ, खोकी गोळा करण्यात वस्ताद, पण फळीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. त्याच्या चष्मेवाल्या कप्तानाने माईक घेतला आणि आमचेच नाव पुकारले! बाजूच्या टेबलावर मी मनातल्या मनात नाचलो.

"ताई, हो म्हण!" प्रेक्षकांतून मामेबहीण ओरडली.

मेजर माईकवर म्हणाली, "नको. आम्हीच कप्तान आहोत. आमचा जोडीदार आम्ही निवडू."

अरे देवा! आठवी कप्तान! तिची पाळी येईपर्यंत उरणार काय, कपाळ? आणि नियम असा, की एकदा नकार दिला की दुसरे कोणी तुम्हाला घेऊ शकत नाही. मला बॅटरी दिली, चाके दिली, मेले तोंड तेवढे दिले नाही.

"त्यांना आपली भीती वाटते, म्हणून बोलावलं," मेजर परत येऊन म्हणाली.

"भीती कसली? त्यांना हात हवाय, आपल्याला पाय!" मामेबहीण चिडली.

आमच्या वाट्याला आलेला जोडीदारही फळीवाला निघाला. आम्ही दोघे फळीपुढे एकमेकांना ढकलत बसलो आणि खोकी मैदानभर लोळत राहिली. पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळला.

फायनलच्या तोंडावर चष्मेवाला धावत आला. आमच्याऐवजी त्यांनी घेतलेल्या रोबोच्या हाताची मोटर जळाली होती.

"तुमची मिळेल का?"

या स्पर्धांची एक रीत आहे. हरलेला संघसुद्धा मागितलेला भाग देतो. कोणालाही हुकूम न सोडता मेजरने स्वतः पाना घेतला आणि माझ्या खांद्यातली मोटर काढून दिली.

ते जिंकले. मी लुळा हात घेऊन टाळ्या ऐकत होतो.

मोटर परत आली तेव्हा कोमट होती. ती बसवताना मेजर बहिणीला म्हणाली, "तुला विचारायला हवं होतं गं."

"मी कोकलत होते की तिथून!"

मित्रांनो, रोबोला तेल द्या, बॅटरी वेळेवर चार्ज करा, हे तर कराच. पण कोणी आपल्यात बोलावले, तर उत्तर देण्याआधी जरा मागे वळा. आपली माणसे घसा फोडून काय सांगताहेत ते ऐका.

उद्या माझे स्क्रू निघणार आहेत. माझा हात त्या मोटरसकट नव्या रोबोला बसणार आहे. त्या मोटरला फायनल कशी असते ते ठाऊक आहे. मला नाही.