गळाभेटीचं चित्र

शैलेंद्रनं कोपरानं दार उघडलं. दोन्ही हात थालीपिठाच्या पिठात मनगटापर्यंत माखलेले. दारात निशिकांत उभा होता, खाकी कागदात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम छातीशी धरून.

"आत येत नाही," निशिकांत म्हणाला. "एवढं देतो आणि निघतो. सातला ऑफिसचा कॉल आहे."

"मग आत ठेव तरी. मला हात लावता येणार नाही."

आता चपला काढणं भागच होतं.

या घरात तो सहा वर्षांनी पाऊल टाकत होता. परदेशातलं त्यांचं लहानसं मराठी मंडळ फुटलं ते गणपतीवरून. मूर्ती मातीची की फायबरची, इथून सुरुवात झाली आणि एकमेकांची अक्कल काढण्यापर्यंत मजल गेली. दोन मंडळं झाली, दोन गणपती बसू लागले. ढोल शैलेंद्रच्या गटाकडे राहिले, झांजा निशिकांतच्या, आणि मिरवणूक दोन्हीकडची सारखीच बेसूर झाली. तेव्हापासून एमआरटीच्या डब्यात समोरासमोर आले तरी दोघं फोनमध्ये डोकं खुपसत.

यंदा चांगी बिझनेस पार्कमधली निशिकांतची नोकरी गेली. नोकरीबरोबर पासही, म्हणजे इथं राहायची परवानगीही, जाणार होती, आणि मुलाची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. घरात बॅगा भरायला काढल्या होत्या. तेवढ्यात हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीतून बोलावणं आलं. रुजू झाल्यावर कळलं, नाव शैलेंद्रनं सुचवलं होतं. नुसतं सुचवून थांबला नव्हता, तिथल्या साहेबाच्या मागे लागला होता. हे ऐकून निशिकांतला इतकं भरून आलं की त्याला साधा 'थँक्स'चा मेसेजही लिहिता येईना. लिहायचा आणि पुसायचा.

मग हे चित्र हाती लागलं. त्याच्या कॉन्डोतली स्पॅनिश शेजारीण मायदेशी परत निघाली होती. तिनं भिंतीवरचं जुनं छापचित्र उतरवलं आणि त्यातली गोष्ट सांगितली, तेव्हा निशिकांतला वाटलं, आपल्याला न सापडलेलं वाक्य कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलंय.

त्यानं कागद सोडवला. बारीक काळ्या रेघांचं चित्र. दोन्ही बाजूंना सैन्यं, संगिनी, घोडे, आणि मधल्या मोकळ्या मैदानात दोन सेनापती एकमेकांना मिठी मारून उभे.

बाल्कनीतून नाना आले. शैलेंद्रचे वडील, पद्माकरनाना. चित्राशी वाकून त्यांनी चष्मा वर केला.

"हं. यात खान कोण?"

"नाना, एव्हरीथिंग आल्सो महाराज, ला!" सोफ्यावरून गार्गी, त्यांची नात, इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली. नानांना कशातही महाराजच दिसत.

निशिकांतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन फौजांमध्ये दोन माणसांची गळाभेट! मराठी माणूस याचा दुसरा काय अर्थ लावणार? आठवडाभर चित्र घरात होतं आणि हे आपल्या डोक्यातच आलं नाही. आता शैलेंद्रला काय वाटलं असेल?

"खान कुणीच नाही, नाना. स्पेनमधली यादवी आहे ही. एकाच देशाचे लोक वर्षानुवर्षं लढले आणि मग दोघांनी सगळ्यांसमोर मिटवलं."

"असेल. पण याचा उजवा हात दिसत नाही." नाना काचेवर बोट फिरवत राहिले. "आणि कोटाच्या आत चिलखत असणारच. अशा भेटीला माणूस ते घालूनच येतो."

निशिकांतनं उगाच घड्याळ पाहिलं.

शैलेंद्र पिठाचे हात अधांतरी धरून चित्र बघत होता.

"भांडण कशावरून होतं?"

"गादीवरून. राजाचा भाऊ की राजाची मुलगी."

"म्हणजे आपल्यापेक्षा बरं कारण होतं."

हसायला दोघांनाही वेळ लागला. हसता हसता निशिकांत बोलून गेला.

"शैल्या, तू आमचं घर वाचवलंस. मी तुझ्याशी कसा वागलो, आणि तू... मला बोलता येत नाहीये रे. म्हणून हे आणलं."

शैलेंद्र गोंधळला. पीठ सुकतंय असं काहीतरी पुटपुटला. मग जेवायच्या आधी लहान मुलं दाखवतात तसे त्यानं दोन्ही हात पुढे केले, बोटं फाकवून, आधी तळवे, मग मागची बाजू.

"बघून घे. काही नाहीये."

निशिकांतनं खरंच पाहिलं. भाजणी, तिखट, कोथिंबिरीचं एक पान.

"मला कॉल नाहीये," तो म्हणाला.

"माहितीये. रविवार आहे."

नाना अजून चित्रावरच वाकलेले होते. चष्मा पुसून त्यांनी काचेला जवळजवळ नाक लावलं.

"सापडला," ते मोठ्यानं म्हणाले. "पाठीवरच आहे की हात."

त्यांनी मान वर केली. निशिकांतच्या इस्त्रीच्या निळ्या शर्टावर, पाठीच्या मधोमध, पीठ लागत होतं, आणि शर्टाची काळजी कुणालाच दिसत नव्हती.